घरटी एक माणूस

अष्टमी, १४ जुलै २०२४

आबा,

फोन लावला की दोनतीनदा वाजतो आणि कट होतो. म्हणजे तुम्ही नाव वाचता आणि मग कट करता. नाव वाचता, तर हेही वाचा. कागदाला कट करायचं बटण नसतं. फाडता येतो, पण तुम्ही फाडणार नाही. औषधाच्या खोक्यातली चिठ्ठीसुद्धा तुम्ही घडी करून ठेवता.

मी इथं अष्टमी गावातच आहे, धोंडुमावशीकडे. पुलाच्या या बाजूला तिचं घर, पलीकडे रोहा. सकाळी मावशीबरोबर धाटावच्या कंपनीवाल्यांचे डबे भरते, दुपारी पूल ओलांडून कॉलेजात जाते. तब्येत बरी आहे. बरी म्हणजे जरा जास्तच बरी, मावशीच्या हाताला तेलाचं माप नाही.

आता मुद्द्याचं. मी माफी मागायला लिहीत नाही. साखरपुडा तोंडावर आलेला असताना मी मिथुनला नको म्हटलं, मंडपवाल्याला सांगून झालं होतं, तुम्हाला चार लोकांत मान खाली घालावी लागली, हे मला कळतं आणि त्याचं वाईटही वाटतं. पण नको म्हटलं ते बरोबर म्हटलं. मिथुन वाईट मुलगा नाही. त्याची आई आपल्या ओटीवर बसून म्हणाली, "कोर्सबिर्स आता पुरं, आमच्यात सुना कंपनीत जात नायत," तेव्हा तो स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला, एवढाच त्याचा गुन्हा. तुम्हीही गप्प होतात. मग कुणीतरी बोलायला हवं होतं, ते मी बोलले.

गाव काय हसतं ते आई सांगते. लोकांच्या मुली डॉक्टर व्हायला लग्न मोडतात, शिवा म्हात्र्याच्या पोरीनं सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटसाठी मोडलं. हसू देत. कोर्सचं नाव ऐकलं तर आणखी हसतील. "उपयोजित तंत्रज्ञान कौशल्ये प्रमाणपत्र अभ्यासक्रम." विद्यापीठाचा आहे, म्हणून एवढं लांब नाव. मावशीला मी तीनदा म्हणून दाखवलं. शेवटी ती म्हणाली, "गो, ह्याच्यात वायरी जोडतात का नाय, तेवढं सांग." जोडतात. वायरी जोडतात, बिघाड शोधतात, यंत्राला काय बघायचं आणि बघितल्यावर काय करायचं ते शिकवतात. पेणच्या दुकानात बिलं फाडत बसायचे तेव्हा बिलाचं मशीन अडलं की मालक मेकॅनिकला फोन लावायचे आणि तो येईपर्यंत मी ते उघडून चालू केलेलं असायचं. तेच आता रीतसर शिकते आहे, आणि मला ते येणार आहे. त्याची मला बिलकूल शंका नाही.

निघताना तुम्ही म्हणालात, "जा, आता सर्टिफिकेट हेच तुझं घर." आबा, मला सर्टिफिकेट हवं आहे आणि माझं घरही हवं आहे. एकाच्या बदल्यात दुसरं नको. गणपतीला यायचं आहे मला. आईनं गुपचूप बोलावलं म्हणून मागच्या दारानं येणार नाही. तुम्ही "ये" म्हणा. पत्रात म्हणा, फोनवर म्हणा, मिनीडोर रिक्षावाल्या गणेशकडे निरोप द्या. तेवढा एक शब्द मला तुमच्याकडून हवा आहे.

तुमचीच,
भाविका

*

अष्टमी, ११ ऑगस्ट

आबा,

आई म्हणते, माझं पत्र तुम्ही दोन दिवस देवाच्या फळीवर ठेवलंत, मग एकटे असताना वाचलंत आणि आता ते टोपीत घालून फिरता. वर विचारलं तर म्हणता, "कसलं पत्र?" ठीक आहे. टोपीत अजून एकाला जागा होईल.

वर्गाबद्दल सांगते. अर्धे लोक धाटावच्या कंपन्यांतले ऑपरेटर, पहिली शिफ्ट करून थेट येतात. अंगाला कंपनीचा तो वास आणि डोळ्यांवर झोप. सुशील सर शिकवायला लागले की पहिल्या दहा मिनिटांत मागचा बाक झोपतो. सर कुणाला उठवत नाहीत. ते स्वतः कंपनीत होते, त्यांना माहीत आहे. त्यांचं एकच पालुपद, "आधी बघा, मग हात लावा." मी आधी हात लावते, त्यामुळे माझ्या दोन बोटांना वायरी सांधायच्या तापल्या डाखणीचे चटके बसले आहेत. मावशीनं हळद लावली आणि म्हणाली, "चुलीवर भाजली असतीस तर निदान भाकरी तरी मिळाली असती."

माझी जोडीदार किमया, कोलाडची. तिच्या बाबांची हायवेवर खाणावळ आहे. तिथला बंद पडलेला मिक्सर हिनं नवव्या वर्षी खोलला होता आणि तो परत जुळला नाही म्हणून मार खाल्ला होता. तेव्हापासून तिला जुळवल्याशिवाय चैन पडत नाही. आम्ही दोघीच मुली वर्गात. पहिले आठ दिवस सगळे आम्हाला "मॅडम, बसा, आम्ही करतो" म्हणायचे. मग सरांनी एका मोटरच्या पेटीत मुद्दाम बिघाड करून ठेवला आणि सगळ्यांना शोधायला लावला. आम्ही दोघींनी सगळ्यांच्या आधी शोधला. आता म्हणतात, "मॅडम, जरा इकडं बघता का?" हे मी फुशारकीनं लिहिते आहे, हो. तुमच्याशिवाय कुणाला सांगू? आईला सांगितलं तर ती म्हणते, "शॉक बिक लागला नाय ना?"

गणपती जवळ आले. मी बॅग भरलेली नाही, पण धुतलेले कपडे वेगळे ठेवले आहेत.

भाविका

*

अष्टमी, १९ सप्टेंबर

आबा,

गणपती आले आणि गेले. तुमचा निरोप आला नाही. मी मावशीकडे मोदक केले, कळ्या चांगल्या पडल्या, आरतीला मोठ्यानं ओरडले. आईला फोनवर म्हटलं, "मजेत आहे." ते खोटं होतं. विसर्जनाला पुलावरून लोक जात होते आणि मला आपल्या घरच्या गणपतीचा पाट दिसत होता. राग आला मला तुमचा, खूप आला. अजून आहे. तरीही लिहिते आहे, कारण कामाचं आहे.

कोर्सच्या शेवटी प्रत्येक जोडीनं खऱ्या जागी खरं काहीतरी बसवून ते चालवून दाखवायचं असतं. वर्गात नाही, बाहेर, जिथं कुणाला तरी त्याचा उपयोग आहे. बाकीच्यांनी कंपन्या घेतल्या. मी आपली उघाडी घेतली.

किमयाला उघाडी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तिला सांगितलं, आमची भातशेती खाडीपेक्षा खाली, मध्ये मातीचा बांध. बांधात दगडी मोरी आणि तिला लाकडी झडप, तीच उघाडी. ओहोटीला झडप उघडते, शेतातलं जास्तीचं पाणी खाडीत जातं. भरतीला मिटते, खारं पाणी आत येत नाही. आणि झडप नीट मिटली की नाही हे बघायला माझे आबा, ऊन असो की थंडी. किमया म्हणाली, "म्हणजे सगळ्या गावाचा नळ तुझ्या बाबांच्या हातात." मी म्हटलं, "एका नव्हे, दोन गावांचा." मिथुनचा पाडा त्याच बांधाच्या आड आहे ना.

आम्ही एक डबा केला आहे. बांबूवर उघाडीच्या आतल्या बाजूला टांगायचा. तो वरून पाण्याकडे बघत राहतो, पाणी किती खाली आहे ते मोजतो आणि माझ्या फोनवर कळवतो. भरतीच्या वेळी आतलं पाणी चढायला लागलं तर फोन ओरडतो. तुमचं काम तो करणार नाही. त्याला झडप मिटता येत नाही, तो फक्त बघतो. तुम्ही जेवायला घरी गेलात, कधी आजारी पडलात, तेवढ्यापुरता.

तुम्हाला न विचारता मी तो टांगणार नाही. गावकीला विचारलं तर ते हो म्हणतील, पण उघाडी तुमची आहे. रविवारी गणेशच्या मिनीडोरनं डबा पाठवते. कसा टांगायचा त्याचं चित्र आत आहे. नको असेल तर त्याच गाडीनं परत पाठवा. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण आबा, काहीतरी म्हणा.

भाविका

*

अष्टमी, २९ सप्टेंबर

आबा,

डबा परत आला नाही. सोमवारी सकाळी माझ्या फोनवर पाण्याची पहिली रेघ उमटली, तेव्हा मी मावशीच्या डाळीत दोनदा मीठ घातलं. धाटावचे लोक काही बोलले नाहीत, बिचारे खारट जेवले.

दोन दिवस रेघ सुरेख चालली. भरती, ओहोटी, भरती. मग बुधवारी ती एकाच जागी थिजली. खाडीचं पाणी हलायचं थांबलं की काय! मी आणि किमयानं सगळं तपासलं. बॅटरी ठीक, सिमकार्ड ठीक. मला वाटलं, कुणीतरी मुद्दाम मोडलं. खरं सांगू? मला वाटलं, तुम्हीच मोडलंत. मी रागारागानं आईला फोन लावला.

आई म्हणाली, "मोडेल कशाला गो? जपतो त्याला. खाऱ्या हवेनं गंजेल म्हणून परवा चांगलं वंगण फासलंय, उघाडीच्या बिजागऱ्यांना फासतो तसं. पुढून मागून सगळीकडं."

मी फोन ठेवला आणि इतकी हसले की मावशी बाहेर आली. वर्गात सांगितलं तर झोपलेला बाकसुद्धा उठला. सुशील सर म्हणाले, इतक्या वर्षांत यंत्र नादुरुस्त व्हायची शंभर कारणं पाहिली, हे पहिल्यांदाच.

आबा, डब्याच्या खालच्या अंगाला दोन गोल जाळ्या आहेत ना, ते त्याचे डोळे. त्यांना वंगण लागलं की तो आंधळा. बाकी सगळीकडे राहू द्या, बरंच आहे, खरंच गंजणार नाही. फक्त डोळे कोरड्या फडक्यानं हलक्या हातानं पुसा. पाणी नको, रॉकेल तर नकोच नको.

आणि आई म्हणाली तुमचा उजवा गुडघा सुजला आहे. त्याला मात्र वंगण चालेल. डॉक्टरकडे जा.

भाविका

*

अष्टमी, १३ ऑक्टोबर

आबा,

डोळे छान पुसलेत. रेघ परत सुरू झाली.

पण दुसऱ्याच दिवशी सकाळी फोन ओरडला. आतलं पाणी एकदम हातभर चढलं आणि लगेच उतरलं. मी घाबरून आईला उठवलं, आईनं ओटीवरून बघितलं, सगळं शांत. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. तिसऱ्या दिवशीही. रोज सकाळी, तुमच्या उघाडीवर जायच्या वेळेला. पाणी काही असं रोज ठरल्या वेळी उडी मारून खाली बसत नाही.

सर म्हणाले, असे आगंतुक आकडे गाळून टाकायचे असतात. मी म्हटलं, सर, हे आगंतुक नाहीत. हे माझे वडील आहेत. डब्याच्या डोळ्यांसमोर काहीतरी धरतात आणि काढतात.

आईला विचारलं, आबा डब्यापुढं काय धरतात. ती म्हणाली, "टोपी."

मी ते आकडे गाळले नाहीत. त्याऐवजी फोनला शिकवलं, की पाणी चढून लगेच उतरलं तर ओरडू नकोस, चढतच राहिलं तर ओरड. आता तुम्ही खुशाल टोपी दाखवा. मी सकाळी डबे भरताना फोन शेजारी उभा करून ठेवते आणि ती रेघ वर जाऊन खाली आली की पुढचा डबा भरते. तुम्ही मला अजून "ये" म्हटलेलं नाही, त्याचा राग आहेच, तो या टोपीनं जाणार नाही. पण सकाळी ती रेघ दिसली की दिवस चांगला जातो, हे तुम्हाला सांगितलेलं बरं.

भाविका

*

अष्टमी, २० ऑक्टोबर

आबा,

शुक्रवारी तुम्ही बांधावर होतात, तरी लिहिते. तुम्ही पोचायच्या आधी काय झालं ते तुम्हाला धड कुणी सांगितलेलं नाही. गावात म्हणे सांगतात, मिथुन सहज फिरत गेला आणि त्याला भोक दिसलं. सहज वगैरे काही नव्हतं.

कोजागरी परवाच झालेली, उधाणाची भरती. दुपारी आम्ही वर्गात होतो आणि फोन ओरडला. आतलं पाणी चढत होतं. झडप उघडी राहिली असती तर ते भसकन चढलं असतं. हे सावकाश चढत होतं आणि थांबत नव्हतं. म्हणजे झडप मिटलेली, आणि खाडी दुसरीकडूनच आत येत होती. सरांना दाखवलं. सर म्हणाले, "गावात फोन कर. खोटं निघालं तर लोक हसतील, दुसरं काय होईल?" हसण्याची तर मला सवय झालेली आहे.

आईचा फोन बंद. तुमचा वाजत राहिला, कुणी कट केला नाही. तुम्ही दोघं पेणला डॉक्टरकडे होतात ते मला कुठं माहीत? शेजारी लावला, पुतळीकाकूला लावला, कुणी उचलेना. भात कापणीला आलेलं, सगळी शेतावर आणि फोन घरी. शेवटी एकच नंबर उरला.

मिथुननं लगेच उचलला. "भाविका?" म्हणाला. त्याला काय वाटलं असेल कोण जाणे. मी म्हटलं, "बांध गळतोय. उघाडीपासून तुमच्या पाड्याकडं बघत जा. तिवरांच्या आडचं वळण आधी बघ."

"तू रोह्यात हायस ना? तुला कसं कळलं?"

"आधी पळ, मग विचार."

तो पळाला. फोन चालूच होता, त्याला धाप लागलेली ऐकू येत होती. मग म्हणाला, "आयला, खेकड्याच्या बिळातनं पानी येतंय, मांडीएवढं!" आणि अशी बोंब ठोकली की मी फोन कानापासून लांब धरला. लोक येईपर्यंत त्यानं पेंढा कोंबला, अंगातला शर्ट कोंबला आणि स्वतः पाठ लावून उभा राहिला. तो तसा उभा राहिला नसता तर दोन्ही गावांचं उभं भात खाऱ्या पाण्यात गेलं असतं. हे तुम्ही त्याच्या घरी जाऊन सांगा. मला त्याच्याशी लग्न करायचं नाही ते नाहीच, पण हे सांगायला हवं.

मी आणि किमया तिच्या स्कूटरवरून निघालो. पोचलो तोवर ओहोटी लागली होती आणि भोकाचं चांगलं खिंडार झालं होतं. रात्रीच्या भरतीच्या आत ते बुजवायचं होतं. आपल्या दोन वाफ्यांत खारं पाणी शिरलेलं दिसलं. तुम्ही दगडावर बसला होतात, गुडघ्याला नवी पट्टी. मी बांधावर चढले नाही. मला कुणी बोलावलेलं नव्हतं. किमया म्हणाली, "एवढं येऊन इथंच?" मी म्हटलं, थांब जरा.

मग हैबतराव पाटलांनी जोळ पुकारली. किमयाला मी हळूच सांगितलं, बांध फुटला की गावाची जोळ लागते. घरटी एक माणूस. भांडण असो, भाऊबंदकी असो, कोर्टात दावा असो, प्रत्येक घरातलं एक माणूस चिखलात उतरतंच. पाटील एकेका घराचं नाव घेत होते, "हाय" म्हणून एकेक जण उतरत होता.

"शिवाचं घर?"

तुम्ही काठी टेकून उठायला लागलात. आईनं तुमचा सदरा ओढला. पाटील म्हणाले, "बस शिवा. ह्या टायमाला तुझं घर सोडलं." त्यांनी चांगल्या मनानंच म्हटलं. पण तुमचा चेहरा मी लांबून बघितला. आजवर कधी कुणी आपलं घर सोडलेलं नाही. आणि तेवढ्यात तुम्ही मला बघितलंत. मला वाटलं, आता मान फिरवणार. खरंच वाटलं तसं.

तुम्ही काठी माझ्याकडं रोखलीत आणि ओरडलात, "सोडता कशाला? माझ्या घरचं माणूस ते काय उभं हाय! बघतंस काय गो, उतर!"

मी उतरले. चपला कुठं काढल्या तेही आठवत नाही. रांगेत माझ्या एका बाजूला पुतळीकाकू, दुसऱ्या बाजूला मिथुनची आई. चिखलाचे गोळे तिच्या हातातून माझ्या हातात येत होते. सगळ्या वेळात ती एकदाच बोलली, "नीट धर, निसटतो." मी नीट धरला. किमयाला घर नव्हतं तरी ती पण उतरली आणि पाटलांनी तिला कोलाडचं घर म्हणून मोजलं.

दिवेलागणीला बांध उभा राहिला. मी स्कूटरकडे निघाले तर तुम्ही म्हणालात, "तशीच जातंस? धोंडीच्या घरात चिखल नेशील. घरी चल, पाय धू." मी आले, पाय धुतले. आईला म्हटलं डोळ्यांत चिखल गेला. चिखल गेला नव्हता. जेवताना तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत, किमयाच्या पानात मात्र दोनदा भात वाढायला लावलात. मग भिंतीकडे तोंड करून झोपलात. सकाळी मी निघाले तेव्हा तुम्ही उघाडीवर गेलेले होतात.

आता एकच विचारते, सरळ उत्तर द्या. शुक्रवारचं ते बोलणं जोळीपुरतं होतं का? गावासमोर घर रिकामं दिसू नये म्हणून? तसं असेल तर तसं लिहा, मी ऐकून घेईन. दिवाळीनंतर परीक्षा आहे, धाटावच्या एका कंपनीनं मुलाखतीला बोलावलं आहे, ते दोन्ही मी निभावून नेईन. या एका गोष्टीत मात्र माझं काही चालत नाही. मी त्या घरची आहे की नाही, हे तुम्हीच सांगायचं आहे.

भाविका

*

धनतेरस

भाविका,

तुझी सगली पत्रं मिलाली. सगली वाचली. मना लिवायची सवय नाय, म्हनून लांबड लावत नाय.

मिथुनच्या घरी जाऊन आलो. त्याला नवा शर्ट दिला. त्याच्या आईसनं च्या केला.

तू इचारलंस जोळीपुरतं का. काल हैबतरावाच्या ओटीवर गाव बसला होता. मी उठून सांगितलं, आता शिवाच्या घरचं माणूस म्हणून भाविकाला पुकारायचं, माझा गुडघा कामाचा रायला नाय. एक जण बोलला, पोरगी हाय, उद्या लगीन करून जाईल, मग काय कराल? मी बोललो, लगीन करो नाय तर कंपनीत जावो, पोरगी माझ्या घरचीच हाय. नाव बदलाचं नाय. हैबतराव बोलला, बरं.

दिवालीला ये. पुढच्या दारानं ये.

आनि आता तुना सबब नाय. बांध फुटला की यायचं, शिफ्ट असली तरी यायचं. कंपनीच्या सायबाला पयल्याच दिवशी सांगून ठेव.

आबा